‘वाढवा’ म्हणजे नक्की काय?

पुण्यात बस बदलताना माझी पिशवी एका गृहस्थांच्या बॅगेच्या चाकात अडकली. दोघांनीही एकदमच ओढली आणि माझ्या डाव्या हातातली एक काचेची बांगडी गेली.

“फुटली का हो?” त्यांनी विचारलं.

“वाढली म्हणावं,” मी म्हटलं. “घरी कुणी शिकवलं नाही वाटतं?”

बिचारे! रात्रभर ते माझ्या पुढच्याच सीटवर होते आणि त्यांनी सीट एकदाही मागे पाडली नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे आमच्या आईनं आम्हा बहिणींच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. हाच शब्द पुढे मला तोंडघशी पाडणार आहे, हे तेव्हा ठाऊक असतं तर त्या गृहस्थांना मी काही बोलले नसते.

मी निघाले होते भाचीकडे. धाकट्या बहिणीची मुलगी वृषाली, वनरक्षक आहे. तिची नेमणूक छत्रपती संभाजीनगरच्या पुढे, फुलंब्री तालुक्यातल्या डोंगरात. “मावशी, ये एकदा, पण माघात ये. नंतर आलीस तर भाजून निघशील,” असं ती कधीपासून म्हणत होती. आमच्या ह्यांना विचारलं, येता का. त्यांनी चिपळूणबाहेरच्या पाण्याविषयीचं आपलं ठरलेलं मत सांगितलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मग एकटीच निघाले, आणि खरं सांगायचं तर मजेत निघाले.

सकाळी संभाजीनगरात उतरले तर अशी थंडी की शाल डोक्यावरून घ्यावी लागली. स्टँडवर वृषाली खाकी गणवेशात स्कूटर घेऊन उभी. लहानपणी पाल दिसली की माझ्या पदरात शिरणारी मुलगी ती. आता कमरेला शिट्टी, पायात जाड बूट. मी तिला आधी डोळे भरून बघून घेतलं आणि मग म्हटलं, “भूक लागलीय.”

तिनं स्कूटर एका जुन्या दरवाजाखालून घातली. दरवाजाच्या माथ्यावर पिंपळ उगवलेला आणि खाली दोन रिक्षावाले एकमेकांना इतक्या अदबीनं शिव्या देत होते की मला उतरून ऐकावंसं वाटलं. पलीकडे कढईतून गरम इमरती (उडदाच्या डाळीची जिलबी) निघत होती. दुकानदारानं विचारलं, “किती देऊ आपा?” मी बोटांनी दाखवलं. त्यानं वृषालीकडे बघितलं, जणू मोठ्या माणसाची परवानगी हवी. मी सगळ्या संपवल्या.

हर्सूल मागे पडलं, सावंगी गेली, आणि फुलंब्रीच्या पुढे डावीकडे डोंगर दिसायला लागले. मी कोकणातली बाई. माझ्या लेखी डोंगर म्हणजे हिरवा किंवा धुक्यात हरवलेला. हे डोंगर पायापासून माथ्यापर्यंत पिवळे. जवळ गेल्यावर कळलं, ते सगळं वाळलेलं गवत आहे, माझ्या कमरेइतकं उंच. वाऱ्यानं हललं की सळसळ नाही, खडखड ऐकू यायची.

“हे पेटलं तर गं?” मी विचारलं.

“पेटतंच,” वृषाली म्हणाली. “दरवर्षी कुठून ना कुठून पेटतं. प्रश्न पुढचा असतो.”

पुढचा प्रश्न गावातल्या चहाच्या टपरीवरच भेटला. (गावाचं नाव लिहायचं नाही असं वृषालीनं बजावलंय. का, ते पुढे कळेलच.) तिथं दगडूतात्या बसले होते. पंचवीस-तीस शेळ्यांचे मालक, पांढरी टोपी, आवाज असा की शेळ्यांना हाक मारायला बाकावरून उठावं लागू नये.

“मॅडम, उगं इझवत नका बसू,” ते वृषालीला म्हणाले. “माझा आजा डोंगर जाळायचा, बाप जाळायचा. जळलं की कोंब फुटतो, शेरडं खातेत. तुम्ही सालोसाल इझवत गेलात, म्हून गवत कमरेला आलं. कामून इझवायचं ते?”

मला हे एकदम पटलं. “आमच्याकडे भाजावळ करतात तात्या,” मी म्हटलं. “भाताचा वाफा पेरायच्या आधी पाला-शेण पसरून जाळतात. मी लहानपणापासून केलीय. त्यात घाबरायचं काय एवढं?”

“बगा! मावशी शहाणी हाय,” तात्या म्हणाले. वृषालीनं टेबलाखालून माझा पाय दाबला.

टपरीतून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “मावशी, तू आज आलीस आणि आजच पक्षात शिरलीस. आता दुसरी बाजू बघ, चल.”

दुसरी बाजू म्हणजे रहिमाबी. डोंगराच्या पायथ्याला तिची सीताफळाची बाग. बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं काही नाही. उतारावर मुरमाड जमीन, कमरेएवढा दगडी बांध आणि आत पानं गाळून बसलेली झाडं. माझ्याच वयाची बाई, गुलाबी ओढणी, हातात खराटा. झाडांखालचा पाला ओढून ती बांधाबाहेर काढत होती. मुलगा शेंद्र्याला कारखान्यात जातो, नवरा शेती बघतो, पण बाग हिची. हिच्या सासूनं बिया टाकून केलेली.

“अर्धीच उरली बघा,” ती मला म्हणाली आणि बांधाच्या वरच्या अंगाला घेऊन गेली. तिथं काळे खुंट होते, रांगेनं. “आम्ही सारे लग्नाला गेलतो. वरून आग आली. येऊन पाहतो तर इथून तिथवर काळं. माझी सासू ह्या खुंटाजवळ बसून राहिली, उठंच ना. जेवण नक्को म्हणाली, पाणी नक्को म्हणाली.” तिनं एका खुंटावर हात ठेवला होता. “तवापासून डोंगरावर धूर दिसला की मी पळते. माझ्या चुलीत निखारा दिसला तरी झोप लागत नाय.”

भाजावळीचं माझं व्याख्यान मी मुकाट्यानं गिळलं.

वृषालीचं म्हणणं या दोघांच्या मधलं. वरचा माळ कधीमधी जळला तर आकाश कोसळत नाही, असं तिला वाटतं. पण उन्हाळ्यात नाही, झाडीत नाही आणि रहिमाबीच्या बागेत तर मुळीच नाही. म्हणून तिला बांधाच्या वरून जाळरेषा काढायची होती. जाळरेषा म्हणजे वारा पडलेला असताना आपणच गवताचा एक पट्टा जाळून काळा करून ठेवायचा. मग आग आली तरी तिला तिथं खायला काही मिळत नाही. पण त्यासाठी रहिमाबीच्या बांधाला लागून काडी ओढायची, आणि ती गेल्या वर्षीही नाही म्हणाली होती, त्याच्या आधीच्या वर्षीही.

यंदा ती हो म्हणाली. एका अटीवर. ती अट ती बाहेर ओट्यावर वृषालीला आणि वनमजुरांना सांगत होती तेव्हा मी आत तिच्या सुनेसमोर बसून खिचडी-खट्टा खात होते. खट्टा म्हणजे तीळ-चिंचेचं आंबट कालवण. सून म्हणाली, “और वाढू मावशी?” मी म्हटलं, “वाढ की.” तिनं वाढलं. अट काय होती ते मी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर. वाऱ्याचा मागमूस नाही, विडीचा धूर सरळ वर जात होता. वनमजुरांनी पट्ट्याच्या दोन्ही कडा आधीच खरवडून ठेवल्या होत्या. फक्त ओढ्याजवळचा शेवटचा तुकडा राहिला होता. एकानं टेंभा (गवताची पेटती जुडी) घेऊन पेटवत जायचं, बाकीच्यांनी हिरव्या डहाळ्या आणि ओली गोणपाटं घेऊन मागून झोडपत यायचं. एकाच्या पाठीवर पाला उडवायचं यंत्र. ते सुरू झालं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना.

मी वृषालीच्या मागे लागले. भाजावळीचा अनुभव, वगैरे वगैरे. शेवटी वैतागून तिनं माझ्या हातात एक टेंभा दिला आणि मला ओढ्याच्या टोकाला उभं केलं. “मी हात वर केला की पेटव. तोवर नुसती उभी राहा. समजलं?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?” मी म्हटलं.

काम झकास चाललं होतं. पट्टा काळा होत माझ्याकडे येत होता. दगडूतात्या बांधावर बसून सूचना देत होते. रहिमाबी बागेच्या वरच्या रांगेत, प्रत्येक ज्वाळेकडे बघत. मी टेंभा धरून मनात म्हणत होते, चिपळूणला जाऊन काय काय सांगू.

तेवढ्यात ऊन तापलं आणि खालून वारा सुटला. माझा पदर एकदम वर उडाला, आणि त्या यंत्राच्या घरघरीतून रहिमाबीचा आवाज आला, “वाढवा! वाढवा! मावशी, वाढवा गं!”

मी मान वळवली. ती दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, वारा आलाय, आटपा लवकर, असं म्हणतेय. वृषालीनं हात वर केलाय की नाही हे बघण्याइतका धीर मला कुठला! मी टेंभा गवताला लावला. इथं लावला, चार पावलं जाऊन तिथं लावला, आणि सगळा राहिलेला तुकडा पेटवून दिला.

मग लक्षात आलं की बाकी सगळे झोडपून आग मारतायत आणि पेटवणारी मी एकटी आहे.

ओढ्याजवळच्या कडा खरवडलेल्या नव्हत्या. वारा खालून वर. ज्वाळा एकदा वाकली, वरच्या गवताला लागली आणि बघता बघता माळावर चढली. तो आवाज मला अजून आठवतो. मोठ्या कढईत एकदम पापड टाकावेत तसा.

रहिमाबी धावत माझ्यापाशी आली. “वाढवा म्हटलं ना मी!”

“वाढवलीच की!” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मीही तिच्याकडे. आणि मग मला घरचा देव्हारा आठवला. रोज झोपताना मी ह्यांना सांगते, दिवा वाढवा. विझवा म्हणायचं नाही, वाढवा म्हणायचं. रहिमाबीच्या घरातही तीच रीत. चूल असो, दिवा असो, आग असो, ‘विझवा’ असं म्हणायचंच नाही. तिनं ‘वाढवा’ म्हटलं की जिथं असेल तिथं सगळी आग वाढवायची, हीच तिची ओट्यावरची अट होती, हे मला नंतर कळलं. बांगडीवरून परक्या माणसाला शिकवणारी मी, आणि आगीच्या वेळी नेमकं विसरले.  

दोन-तीन मजूर डहाळ्या घेऊन वर पळायला लागले. वृषालीनं शिट्टी मारली. “कुणी वर जायचं नाही! खाली या, रेषेवर या.”

रहिमाबीनं तिचा दंड धरला. “बेटी, वाढव गं तिला. तिथूनच आलती ती.”

“चाची, वर पळणाऱ्या आगीला माणूस गाठू शकत नाही,” वृषाली म्हणाली. आवाज शांत होता.  “वर कडा आहे, तिथं ती संपेल. माळावर कुणी माणूस नाही, शेळ्या खाली आहेत. जळू दे तिला वर. खाली उतरली तर आपण काळ्या पट्ट्यावर उभं राहून अडवू. मी इथून हलणार नाही.”

इतक्यात तिला तिच्या साहेबांचा फोन आला, धूर दिसतोय, विझवा म्हणून. ती म्हणाली, “साहेब, माणसं वर पाठवत नाही. सगळी रेषेवर उभी केलीत.” मग बराच वेळ नुसतं “हो साहेब” म्हणत राहिली. माझ्यामुळे.

मग वाट बघणं. मी ओढ्यातून पाणी आणून गोणपाटं भिजवत होते, दुसरं काय करणार? धुरावर कोतवाल पक्षी घिरट्या घालत होते. आगीतून उडणारे किडे झेलत होते. एक ससा गवतातून सुटला आणि आमच्या पायांमधून, माणसं आहेत की दगड याचा विचार न करता, बागेत शिरला. रहिमाबी एका झाडाला धरून उभी होती. दगडूतात्यांनी तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. त्यांनीही सूचना द्यायचं थांबवलं होतं.

वरची आग कड्याला भिडून मेली. पण तिची खालची कड आमच्याकडे सरकत होती, घोट्याएवढी, हळूहळू. अख्खा पट्टा नीट जाळलेला होता. कच्चा होता तो माझाच तुकडा. तिथं अर्धवट जळालेले झुपके राहिले होते, म्हणून सगळे तिथं जमलो. आग आली. झुपक्यांना लागली, आम्ही झोडपली. एक ठिणगी उडून बांधाच्या आत, पहिल्या झाडाखाली पडली आणि उरल्यासुरल्या पाल्यातून धूर निघाला. रहिमाबीनं गोणपाट घेऊन ती अशी बडवली की माती उडाली. मी दुसऱ्या बाजूनं बडवत होते. आम्ही दोघी खोकत होतो, रडत होतो, धुरानं की कशानं कोण जाणे.

आणि मग समोर बघितलं, तर पट्टाभर सगळीकडे आग काळ्यापर्यंत येऊन बसली होती. येत होती आणि थांबत होती. रहिमाबी बांधावर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. बाग होती तशी होती.

माळावर एका खळग्यात थोडी आग अजून जळत होती. एक मजूर डहाळी घेऊन निघाला.

“असू दे,” रहिमाबी म्हणाली. “जळू दे तिला.”

दगडूतात्यांनी टोपी मागे सारली. “भाभी, तुम्ही म्हणता हे?”

“हौ. मीच म्हणते. कुठं जाती ती आता?”

मग तिनं पाणी मागितलं.

जेवायला तिच्याकडेच. सुनेनं भाकरी थापल्या, झणझणीत कालवण केलं. माझ्या ताटाशी येऊन रहिमाबी म्हणाली, “मावशी, वाढू का?” सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “ताटात ना?” तेव्हा कुठे ती हसली, आणि तिच्यामागे सगळेच. वृषाली सोडून. तिनं माझा हिशेब स्कूटरवर चुकता केला, घरी पोचेपर्यंत. मी एकदाही उलट बोलले नाही, आणि हे माझ्या माहेरी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळालेल्या माळावर चढलो. बूट काळे झाले. एका दगडाच्या आडोशाला तितराची अंडी होती, सगळी करपलेली. वृषाली खाली बसली. मग म्हणाली, “तू लिहिणारेस ना सगळं? हे पण लिही. तात्या नुसता कोंब बघतात, रहिमाचाची नुसती बाग. मला हेपण बघावं लागतं.” ते मी लिहिलं.

निघायच्या दिवशी तिनं मला शहरात नान-खलिया (मटणाचा रस्सा आणि जाड नान) खायला घातला, म्हणजे राग गेला होता. स्टँडवर तिच्या फोनवर रहिमाबी. “मावशी गेली का? पुढच्या साली ये म्हणावं. पण टेंभा नको देऊ तिच्या हातात.”

बसमध्ये मी विचार करत बसले, की आग जळू द्यावी की विझवावी. जाताना मला एका चहात उत्तर मिळालं होतं. येताना एवढंच पक्कं कळलं होतं, की असं विचारणाऱ्याला मी आधी विचारीन, खाली बाग कुणाची आहे?

घरी पोचले तर ह्यांचा पहिला प्रश्न, “डोंगर पेटवून आलीस म्हणे?” वृषालीनं फोन केलाच होता. पुढे आमच्या गावी भाजावळी सुरू झाल्या. शेजारचे काका पाला पेटवत होते, तर मी कुंपणावरून ओरडले, वारा बघा आधी! त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खांदे उडवले.

आणि चैत्रात एका संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे रहिमाबी.

“मावशी, बाग वाढली.”

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं.  माझा तो कच्चा तुकडा, ती ठिणगी, सगळं डोळ्यांपुढे आलं. “कशी गं? कधी?” मी कसंबसं विचारलं. “सगळी गेली?”

 मग ती इतकी हसायला लागली की तिला बोलता येईना.

“नाय हो मावशी. वाढली म्हणजे वाढली. पालवी आली. जळक्या खुंटांनासुद्धा.”